थोर गणिती आचार्य वीरसेन

या महिन्यात आमच्या भित्तिपत्रकाचा विषय थोरांची ओळख असा आहे. वर्गातल्या पुष्कळ मुलामुलींनी शिवाजी महाराज, जोतिबा फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब यांच्यावर लिहिले आहे. मी आचार्य वीरसेन यांच्यावर लिहिणार आहे. अभ्यासक लोकांत त्यांचे नाव फार मोठे आहे, पण मला ते मार्गशीर्षातल्या सहलीपर्यंत माहीत नव्हते. ते बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. ते जैन मुनी होते आणि मोठे गणिती होते. गुणाकाराची बेरीज कशी होते, हे मला त्यांच्यामुळे कळले. म्हणून ते मला आवडतात.

आधी माझी गोष्ट सांगतो. मला गुणाकाराची लई भीती वाटायची. एकदा गुरुजींनी फळ्यावर १६ गुणिले ६४ हे गणित दिलं आणि मला उठवलं. मी ६ ने गुणलं, १ ने गुणलं, पण दुसऱ्या ओळीत शून्य ठेवायचं विसरलो. उत्तर आलं ४४८. सगळा वर्ग हसला. गुरुजी रागावले नाहीत, पण मी पुन्हा हात वर केला नाही. घरी आल्यावर आबांनाच सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा.

मग मार्गशीर्षात आमची सहल कंधारला गेली. कंधारचा किल्ला मन्याड नदीजवळ आहे. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे आणि खंदकात पाणी असते. आम्ही दरवाजे पाहिले, बुरूज पाहिले. मग गुरुजींनी तलावाचे नाव सांगितले. त्याला जगत्तुंग समुद्र म्हणतात. समुद्र कसा काय, असं आम्ही विचारलं. गुरुजी म्हणाले की राष्ट्रकूट राजे स्वतःला जगत्तुंग असे नाव घेत असत, आणि मोठ्या तलावाला त्या काळी समुद्र म्हणत.

राष्ट्रकूट हे फार मोठे राजघराणे होते. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्याच काळात, कृष्ण पहिला या राजाच्या वेळी कोरले गेले. आपण लातूरकर आणि नांदेडकर लोकांनी एक गोष्ट विसरू नये. हे राजे स्वतःला लट्टलूर नगराचे स्वामी म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्याचे मूळ गाव आपल्या शेजारी आहे. पुढे अमोघवर्ष राजाने मान्यखेट ही राजधानी केली. तिला आता मळखेड म्हणतात. ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. अमोघवर्ष इ. स. ८१४ च्या सुमारास गादीवर बसला, तेव्हा तो अगदी लहान होता, आपल्या सातवी-आठवीच्या मुलांएवढा. त्याने साठ वर्षांहून जास्त राज्य केले. त्याला विद्येची आवड होती. त्याच्या काळात महावीराचार्य नावाचे गणिती झाले. त्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. वीरसेन त्यांच्या थोडे आधीचे.

तलावाच्या काठावर डबे खाऊन झाल्यावर गुरुजींनी वीरसेनांची गोष्ट सांगितली. ती मी घरी येऊन वहीत उतरवली होती. ती आता लिहितो.

वीरसेन हे दिगंबर मुनी होते. मुनी लोक घरदार सोडतात. ते अनवाणी चालतात. दिवसातून एकदाच जेवतात, तेही हाताच्या ओंजळीत. त्यांच्याजवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू असतो, दुसरी मालमत्ता नसते. पावसाळ्याचे चार महिने मात्र ते एका जागी राहतात. वीरसेनांच्या गुरूंचे नाव आर्यनंदी. गुरूंच्या गुरूंचे नाव चंद्रसेन. वीरसेनांना खूप शिकायचे होते. म्हणून ते चित्रकूटपूर या गावी राहणाऱ्या एलाचार्य नावाच्या विद्वानांकडे गेले आणि त्यांच्याजवळ बसून जुने सिद्धांतग्रंथ शिकले. व्याकरण, ज्योतिष, छंद आणि न्याय हे विषयही त्यांना चांगले येत होते. म्हणजे ते काही एकाच विषयाचे पंडित नव्हते.

शिकून झाल्यावर ते वाटग्राम नावाच्या गावी आले. तिथल्या जिनमंदिरात त्यांना जुन्या ग्रंथावरची एक जुनी टीका मिळाली. टीका म्हणजे इथे नावे ठेवणे नव्हे. अवघड पुस्तकाचा अर्थ उलगडून सांगणारे दुसरे पुस्तक म्हणजे टीका. आपले गाईड असते ना, तसे, पण फार मोठे. वीरसेनांनी ठरवले की आपणही टीका लिहायची आणि ती सगळ्यांत सविस्तर लिहायची.

तो जुना ग्रंथ म्हणजे षट्खंडागम. तो पुष्पदंत आणि भूतबली या दोन आचार्यांनी रचला होता. त्यातली वाक्ये अगदी थोडक्यात आहेत. ती मुखोद्गत करायला सोपी, पण समजायला अवघड. वीरसेनांनी प्रत्येक वाक्याचा अर्थ लिहिला. शंका काढली आणि तिचे उत्तरही लिहिले. या टीकेचे नाव धवला. धवल म्हणजे पांढरेशुभ्र. ही टीका प्राकृत आणि संस्कृत अशा दोन भाषा मिसळून लिहिली आहे. ग्रंथाच्या शेवटी जगत्तुंग राजाचे नाव येते. शके ७३८ च्या कार्तिक महिन्यात, शुक्ल पक्षाच्या तेरसला, म्हणजे इ. स. ८१६ साली हा ग्रंथ पूर्ण झाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

धवला ७२,००० श्लोकांएवढी आहे. पूर्वी ग्रंथ मोजताना ३२ अक्षरे म्हणजे एक श्लोक असे धरत. मी गुणाकार केला. २३ लाख ४ हजार अक्षरे झाली. (या वेळी शून्य विसरलो नाही. ताईने तपासले आहे.) तेव्हा कागद नव्हता, शाईचा पेन नव्हता. ताडाच्या पानावर लिहायचे. आम्हाला एक पान शुद्धलेखन दिले तरी हात दुखतो.

आता तुम्ही म्हणाल, मुनींना गणित कशाला लागते? मलाही तसेच वाटले होते. पण त्या ग्रंथात जग केवढे आहे, त्यात जीव किती आहेत, अशा मोठमोठ्या गोष्टींचा हिशेब आहे. तिथे शंभर, हजार, लाख, कोटी हे आकडे पुरत नाहीत. संख्या एवढ्या मोठ्या की लिहिता लिहिता पान संपेल. त्यांचा गुणाकार करायचा म्हणजे तर फारच अवघड. मग वीरसेनांनी अर्धच्छेद वापरले.

अर्धच्छेद म्हणजे काय ते सांगतो. छेद म्हणजे कापणे. अर्धच्छेद म्हणजे अर्धे करणे. एखादी संख्या किती वेळा अर्धी केली म्हणजे १ उरतो, ते मोजायचे. जितक्या वेळा अर्धी केली तितके तिचे अर्धच्छेद. गुरुजींनी आम्हाला चिंचोके गोळा करायला लावले. तलावाजवळ चिंचेचे झाड होते. आम्ही ३२ चिंचोके घेतले. अर्धे काढले, १६ राहिले. पुन्हा अर्धे, ८. पुन्हा अर्धे, ४. मग २. मग १. पाच वेळा अर्धे केले. म्हणून ३२ चे अर्धच्छेद ५.

मग ८ चिंचोक्यांचे केले. ४, २, १. तीन वेळा. म्हणून ८ चे अर्धच्छेद ३. आणि ४ चे २. आता बघा गंमत. ८ गुणिले ४ बरोबर ३२. आणि ३ अधिक २ बरोबर ५. संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते! हाच तो नियम. वीरसेनांनी धवलेत हा नियम दिला आहे. भागाकाराचाही नियम दिला आहे. भागाकार केला की अर्धच्छेदांची वजाबाकी होते. ३२ भागिले ४ बरोबर ८. आणि ५ वजा २ बरोबर ३. अर्धच्छेद हा शब्द त्यांच्या आधीपासून होता, पण त्याचे नियम धवलेत नीट मांडलेले सापडतात.

असे का होते, हेही गुरुजींनी विचारले. कुणालाच येईना. मग त्यांनी चिंचोक्यांचे ४ ढीग केले, एकेका ढिगात ८. आधी ढीग अर्धे करा म्हणाले. ४ ढिगांचे २, मग १. इथे २ वेळा झाले. आता एकच ढीग राहिला, त्यात ८ चिंचोके. ते अर्धे करत गेलो, तर ३ वेळा झाले. आधी ढिगांचे अर्धे, मग ढिगातल्यांचे अर्धे. म्हणून २ अधिक ३. तेव्हा मला पक्के समजले. सगळ्यांत आधी मी हात वर केला.

वीरसेनांनी नुसते अर्धेच केले नाहीत. तीन-तीन भाग करत गेले तर त्रिकच्छेद, चार-चार भाग केले तर चतुर्थच्छेद. ८१ चे तीन भाग केले की एका भागात २७, मग ९, मग ३, मग १. म्हणून ८१ चे त्रिकच्छेद ४. बेरजेचा नियम इथेही चालतो. ९ चे त्रिकच्छेद २, २७ चे ३. ९ गुणिले २७ बरोबर २४३. त्याचे त्रिकच्छेद ५. तुम्ही करून बघा.

सहलीहून आलो त्या रात्री मी हे सगळं आबांना सांगितलं. आबा बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला माळ्यावरून मापं काढायला सांगितली. आमच्या घरात जुनी मापं आहेत. आता दुकानात सगळं किलोवर मिळतं, पण आबांच्या तरुणपणी ज्वारी मापानं द्यायचे-घ्यायचे. आबांनी ती ओळीनं मांडली. पायली, आधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. पायलीच्या अर्धी आधोली. आधोलीच्या अर्धा शेर. शेराच्या अर्धं मापटं. मापट्याच्या अर्धं चिपटं. चिपट्याच्या अर्धं कोळवं. कोळव्याच्या अर्धं निळवं. सगळी मापं अर्धी अर्धी! मी मोजलं. पायलीपासून निळव्यापर्यंत सहा वेळा अर्धं होतं. म्हणजे पायलीत ६४ निळवी.

मग आबांनी विचारलं की मणात किती निळवी? १६ पायल्यांचा एक मण. म्हणजे १६ गुणिले ६४. तेच गणित, ज्यात मी हरलो होतो! पण आता मी पाटी घेतली नाही. १६ चे अर्धच्छेद ४. ६४ चे अर्धच्छेद ६. चार आणि सहा दहा. आता दहा अर्धच्छेदांची संख्या कोणती, ते काढायला बोटांवर दुप्पट करत गेलो. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. दहावं बोट १०२४ वर आलं. आबांना उत्तर आधीच माहीत होतं. ते नुसते हसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना उत्तर सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही.

आता वीरसेनांची मोठी संख्या सांगतो. २ चा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ चा वर्ग २५६. २५६ चा वर्ग ६५,५३६. हा चौथा वर्ग झाला. त्याचा वर्ग केला की पाचवा वर्ग येतो, ४२९४९६७२९६. त्याचाही वर्ग केला की सहावा वर्ग येतो, तो २० अंकी आहे. जैन ग्रंथांत माणसांची संख्या सांगताना या पाचव्या आणि सहाव्या वर्गाचा गुणाकार सांगितला आहे. धवलेत त्याची चर्चा आहे. तो गुणाकार असा आहे, ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. हे २९ अंक आहेत, मोजून बघा. मला तर वाचताही येत नाही. पण अर्धच्छेद बघा किती सोपे. पाचव्या वर्गाचे ३२, सहाव्या वर्गाचे ६४. बेरीज ९६. बस्स. एवढी लांबलचक संख्या ९६ वेळा अर्धी होते, असे म्हटले की झाले. मोठ्या संख्येला छोट्या संख्येत पकडायची ही युक्ती आहे. आणि एखादी संख्या दुसरीपेक्षा किती मोठी, हेही त्यावरून कळते.

धवला पूर्ण झाल्यावर वीरसेन थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका जुन्या ग्रंथावर टीका लिहायला घेतली. त्या ग्रंथाचे नाव कषायप्राभृत आणि टीकेचे नाव जयधवला. तिचे २०,००० श्लोक लिहून झाले आणि वीरसेन वारले. काम अर्धे राहिले. खरे म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त राहिले होते.

पण त्यांचा एक शिष्य होता, जिनसेन. जिनसेन फार लहानपणी गुरूंकडे आले होते. इतके लहान की त्यांचे कानसुद्धा टोचले नव्हते. पुढे जिनसेनांनी लिहून ठेवले आहे की आपले कान ज्ञानाच्या सुईने टोचले गेले. अंगाने ते किरकोळ होते, पण अभ्यासात पक्के. गुरू गेल्यावर त्यांनी उरलेले ४०,००० श्लोक लिहिले आणि शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ साली जयधवला पुरी केली. सगळे मिळून ६०,००० श्लोक झाले. हेच जिनसेन अमोघवर्ष राजाचेही गुरू होते. राजाचे गुरू झाले तरी त्यांनी आपल्या गुरूंचे काम बाजूला ठेवले नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. काळ बदलला, राज्ये गेली. या ग्रंथांच्या ताडपत्राच्या पोथ्या कर्नाटकात मूडबिद्री या गावी जपून ठेवल्या होत्या. त्या जुन्या कन्नड लिपीत होत्या. लोक लांबून यायचे, पोथ्यांचे दर्शन घ्यायचे आणि परत जायचे. वाचणारे फार थोडे. पाने जुनी झाली होती. ती तुटली असती तर वीरसेनांचे गणित कायमचे गेले असते. मग मुंबई-सोलापूरकडच्या लोकांनी मनावर घेतले आणि १८९६ साली नकला करायला सुरुवात झाली. नकल करणाऱ्या पंडितांत आपल्या महाराष्ट्रातल्या मिरजेचे गजपती उपाध्याय होते. नकलांचे काम १९२२ पर्यंत चालले. म्हणजे २६ वर्षे!

त्यानंतर अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी धवला छापायचे काम हाती घेतले. पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून निघाला. सोळावा म्हणजे शेवटचा भाग १९५८ साली निघाला. चौथ्या भागात लखनौच्या विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लेख लिहिला. तेव्हा सगळ्यांना कळले की अर्धच्छेद म्हणजे आजच्या गणितातला लॉगरिथमच आहे. दोन हा पाया धरला की अर्धच्छेद आणि लॉगरिथम एकच.

लॉगरिथम हा शब्द मला आधी माहीत नव्हता. माझी ताई लातूरला अकरावीला शास्त्र शाखेत शिकते. ती संक्रांतीला घरी आली तेव्हा तिच्याजवळ लॉगटेबलचं पातळ पुस्तक होतं. नुसते आकडेच आकडे. मी तिला माझी अडचण सांगितली. मापांचा हिशेब करताना मी खंडीवर अडलो होतो. २० मणांची एक खंडी. २० चे अर्धे १०, १० चे अर्धे ५, आणि ५ चे अर्धे केले तर अडीच. गाडी तिथंच रुतली. मग अशा संख्यांना अर्धच्छेद नाहीत का?

ताईनं सांगितलं की आहेत, पण ते पूर्ण आकड्यात येत नाहीत, अपूर्णांकात येतात. असे सगळ्या संख्यांचे आकडे काढायचे काम स्कॉटलंड देशातल्या जॉन नेपियर यांनी केलं. त्यांनी त्यासाठी वीस वर्षं घालवली आणि १६१४ साली कोष्टकांचं पुस्तक छापलं. लॉगरिथम हे नावही त्यांचंच. नेपियर यांना वीरसेनांची काही माहिती नव्हती. वीरसेनांनी मोठ्या संख्या समजून घेण्यासाठी ही युक्ती वापरली, नेपियर यांनी ग्रहताऱ्यांचे लांबलचक गुणाकार सोपे व्हावेत म्हणून कोष्टकं केली. दोघांमध्ये सुमारे ८०० वर्षांचं अंतर आहे, पण नियम एकच. गुणाकाराची बेरीज. पुढे हेन्री ब्रिग्ज नावाच्या इंग्रज प्राध्यापकांनी नेपियर यांची भेट घेतली आणि दहाचा पाया धरून नवी कोष्टकं केली. ताईच्या पुस्तकात दहाचाच पाया आहे.

ताईनं मला कोष्टक बघायला शिकवलं. २ चा लॉग ०.३०१० आणि ५ चा ०.६९९०. बेरीज केली तर बरोबर १ आली. दहाचा लॉग १ असतो आणि २ गुणिले ५ बरोबर १०. जमलं! मग मी २ आणि ३ चं केलं. ३ चा लॉग ०.४७७१. बेरीज आली ०.७७८१. पण पुस्तकात ६ चा लॉग ०.७७८२ होता. मला वाटलं पुस्तक चुकलं. ताई हसली. ती म्हणाली, हे आकडे पुढे खूप लांब जातात, पुस्तकात चारच ठेवतात, म्हणून शेवटी एकाचा फरक पडतो. पुस्तकही बरोबर आणि नियमही बरोबर. वीरसेनांच्या अर्धच्छेदांत मात्र ३२ आणि ६४ अशा संख्या असल्यानं काहीच फरक पडत नाही.

आता शेवटची गोष्ट लिहितो. आबा मला रोज संध्याकाळी पाढे शिकवायचे. आमच्या पुस्तकात नसलेले पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एवढे झाले होते. मग औटकी सुरू केली. औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस. इथपर्यंत आलो आणि आबा आजारी पडले. माघ महिन्यात आबा गेले. औटकी अर्धी राहिली.

घरात आणखी कुणाला औटकी येत नाही. अण्णांना विचारलं, मायला विचारलं. त्यांना निमकीपर्यंत येते. मला वाटलं, आता ही औटकी संपली. मग मला जिनसेनांची आठवण झाली. गुरू गेले म्हणून ते नुसते बसले नव्हते. मी विचार केला, औट म्हणजे साताचा अर्धा. मग साताचा पाढा तर मला येतोच. तो अर्धा केला की औटकी! सात साते एकोणपन्नास, त्याचे अर्धे साडेचोवीस. आठ साते छप्पन, त्याचे अर्धे अठ्ठावीस. नऊ साते त्रेसष्ट, त्याचे अर्धे साडेएकतीस. दहा साते सत्तर, त्याचे अर्धे पस्तीस. असं करत करत वीस औट सत्तरपर्यंत मी पाढा पूर्ण केला. तो वहीत लिहिला आणि एका जाड कागदावर लिहून आबांच्या बाजेजवळच्या भिंतीवर लावला. अण्णा तो उभे राहून बराच वेळ वाचत होते. आता माझ्या लहान बहिणीला मी शिकवायलो आहे. ती सवायकीपर्यंत आली आहे.

मी काही जिनसेनांएवढा मोठा नाही. पण या गोष्टीवरून मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, अवघड दिसणाऱ्या गोष्टीचे अर्धे अर्धे करत गेले की ती आपल्या हातात येते. दुसरी म्हणजे, ज्याला जे येते त्याने ते दुसऱ्याला शिकवावे आणि लिहूनही ठेवावे. वीरसेनांनी लिहिले, जिनसेनांनी पुरे केले, मूडबिद्रीच्या लोकांनी जपले, मिरजेच्या पंडितांनी उतरवले, अमरावतीला छापले, म्हणून ते कंधारच्या तलावाकाठी आमच्यापर्यंत आले.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजी-आजोबांना असे पाढे, अशी मापे माहीत असतील. आजच त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून काढा. आणि चिंचोके घेऊन ६४ चे अर्धच्छेद नक्की मोजा.

आचार्य वीरसेनांना माझे कोटी कोटी प्रणाम.

एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. कंधार, जि. नांदेड